ट्रॉलीतला तिसरा तारा

आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये वरातीचे जेवढे फोटो आहेत, त्या सगळ्यांत नवरदेवाची मान मागे वळलेली आहे. घोडी पुढे बघते आहे, बँडवाले पुढे बघताहेत, डोक्यावर ट्यूबलाइटचे स्टँड घेतलेली माणसंसुद्धा समोरच बघताहेत. मी मात्र मुंडावळ्या एका कानावर आलेल्या अवस्थेत मागे. अल्बम चाळणारे पाहुणे विचारतात, "काय हो, पळून जायचा बेत होता का?" माझ्याआधी आमची सौभाग्यवती उत्तर देते, "नाही. ह्यांना तिसऱ्याची काळजी होती."

त्यावर पाहुण्यांचे चेहरे जे होतात, ते निस्तरण्यासाठी मला सरांची सगळी गोष्ट सांगावी लागते. इतक्यांदा सांगितली आहे की आमची मुलं ती सुरू झाली की गच्चीवर जातात. तुम्ही बसा.

सर जळगावच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. मी भूगोल. म्हणजे पृथ्वीबाहेरच्या भानगडींशी माझा काही संबंध नव्हता, आणि पृथ्वीतलंही मला कापसाच्या काळ्या जमिनीपलीकडे फारसं कळत नसे. सर मला नावाने कधी हाक मारत नसत. "ए भूगोल, इकडे ये." माझ्या जागी जो शिक्षक आधी होता, त्यालाही ते भूगोलच म्हणत.

माणूस चोपड्याकडचा, केळी पिकवणाऱ्या घरातला. पन्नाशी उलटलेली. उंच, वाळका, पांढरा शर्ट आणि खिशाला शाईचा एक कायमचा निळा डाग. शहरात तीसएक वर्षं काढूनही राग आला किंवा आनंद झाला की ते सरळ अहिराणीवर उतरत. या माणसाला मृत ताऱ्यांचा नाद होता. साधासुधा नाद नव्हे. त्यावर ते विद्यापीठात प्रबंध लिहीत होते आणि तो इतकी वर्षं लिहीत होते की त्यांचे दोन विद्यार्थी मधल्या काळात डॉक्टरेट मिळवून, प्राध्यापक होऊन, टक्कलही पडून मोकळे झाले होते.

प्रबंधाचा विषय मला कळावा म्हणून सरांनी मला मुख्याध्यापकांच्या फिरत्या खुर्चीत बसवलं होतं. मुख्याध्यापक बाहेर गेले होते. "तू म्हणजे एक मेलेला तारा," सर म्हणाले. "कोसळून गावाएवढा झालेला, पण वजन सूर्याएवढं. तरुणपणी भिंगरीसारखा फिरायचास, दर फेरीला रेडिओचा एक ठोका आमच्यापर्यंत यायचा. त्याला म्हणतात पल्सार. आता दमलास. ठोके बंद. मेलास."

"बरं," मी म्हणालो.

"आता तू एकटा असतास तर संपलं होतं. पण तू राहतोस तारकागुच्छात. लाखो म्हातारे तारे एकमेकांच्या अंगावर श्वास टाकत बसलेले. गर्दीत तुला एक जोडपं भेटतं. दोन तारे, एकमेकांभोवती फिरणारे. तू त्यांच्यात घुसतोस. धक्काबुक्की होते. त्यातला हलका तारा बाहेर फेकला जातो आणि त्याच्या जागी तू. मग पुढे तुझा नवा जोडीदार फुगतो, त्याच्या अंगावरचा वायू तुझ्यावर सांडायला लागतो, आणि प्रत्येक सांडण्याला—" इथे त्यांनी गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने माझ्या खांद्यावर एक फटका मारला. खुर्ची फिरली. दुसरा फटका, तिसरा. मी गरगर फिरू लागलो. "हे बघ! मेलेला पुन्हा जागा झाला! सेकंदाला शेकडो फेऱ्या! आधीपेक्षा जोरात!"

चौथ्या फटक्याला मुख्याध्यापक दारात उभे होते. मला ते एकूण सहा ठिकाणी दिसले.

असे गुच्छांतले जागे झालेले तारे तेव्हा नुकतेच सापडू लागले होते, परदेशात, मोठमोठ्या रेडिओ दुर्बिणींना. सरांजवळ दुर्बीण नव्हती. त्यांना पाहायचं नव्हतंच, मोजायचं होतं: जोडप्याजवळून मेलेला तारा गेला, तर किती वेळा तो आत शिरून जागा पटकावतो आणि किती वेळा हात हलवत परत जातो. म्हणून त्यांना गर्दी फार आवडे. जळगावच्या बसस्टँडवर ते संध्याकाळी मला उभं करत. यावलची गाडी लागली की माणसं दाराला भिडत. "ते जोडपं बघ," सर कुजबुजत, "तो टोपीवाला मधून घुसला. आता गाडीत चढताना बाईच्या शेजारी कोण आहे ते बघ." बहुतेक वेळा शेजारी नवराच असे. मग सर नाराज होत. एकदा खरोखरच टोपीवाला निघाला, तेव्हा त्यांनी मला भजी खाऊ घातली. नवरा पुढच्या दाराने चढला होता हे मी त्यांना सांगितलं नाही.

एकेक भेट कागदावर सोडवायला महिने लागत. मग सरकारी योजनेतून कॉलेजला कॉम्प्युटर मिळाला. कॉम्प्युटर म्हणजे टाइपरायटरसारखी एक पेटी, तिला एक छोटा काळा-पांढरा टीव्ही आणि प्रोग्रॅम भरायला कॅसेटचा टेपरेकॉर्डर. बाकी सगळे त्याला प्लास्टिकची पिशवी घालून ठेवायच्या विचारात होते. सरांनी त्यावर तीन तारे सोडले. पडद्यावर तीन ठिपके फिरत आणि आपापल्या चालीने आपलं भविष्य ठरवत. छोट्या भेटी तासाभरात उरकत. पण काही भेटींत तिघं एकमेकांत असे गुंतायचे की सुटता सुटत नसत. तशी एक भेट पार पडायला सकाळपासून संध्याकाळ लागे आणि प्रबंधात नेमक्या तशाच भेटी उरल्या होत्या.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत जळगावात सलग वीज! सरांनी एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा प्रयत्न केला. वीज गेली की यंत्राची पाटी कोरी. मधले आकडे कॅसेटवर उतरवून पाहिले, तर टेपरेकॉर्डर दर वेळी एखादा आकडा खाऊन टाकी. दुपारी चारला, दोन ठिपके तिसऱ्याला कवेत घेत असताना, पंखा थांबायचा आणि पडद्याच्या मध्यावर एक पांढरं टिंब उरून विझायचं. सर खुर्चीवरून उठत, शर्ट झटकत आणि म्हणत, "घाई माले शे, गणितले नही." म्हणजे घाई मला आहे, गणिताला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात.

पण आता घाई खरोखरच होती. विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली होती. तिसरी आणि शेवटची मुदत जूनअखेर संपत होती. त्यानंतर नोंदणी रद्द. इतक्या वर्षांचं सगळं रद्दीत. मार्चमध्ये मी सरांना माझी लग्नपत्रिका दिली. त्यांनी ती उलटसुलट वाचली, मुहूर्त पाहिला, गाव पाहिलं. यावलजवळचं. मग म्हणाले, "मांडवात जनरेटर असेल ना?"

"असेल."

"सकाळपासून?"

मला वाटलं, म्हाताऱ्याला उकाड्याची काळजी. मी म्हणालो, "दिवसभर."

सरांनी पत्रिका खिशात ठेवली, निळ्या डागाच्या बरोबर मागे, आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "भूगोल," ते म्हणाले, "तू माणूस शेस."

सासऱ्यांना कसं सांगायचं, हा प्रश्न मी माझ्या स्वभावाप्रमाणे सोडवला. म्हणालो, आमचे एक सर टीव्ही घेऊन येताहेत.

लग्नाच्या दिवशी सकाळी आमचं वऱ्हाड पोचलं, तर गाव टीव्ही पाहायला जमलेलं होतं. सर डिझेलचा स्वतःचा कॅन घेऊन उतरले, म्हणजे मांडववाल्याने कुरकुर करायला जागा नको. जनरेटर ताबडतोब सुरू झाला. मधल्या खोलीत यंत्र मांडलं. प्रोग्रॅम भरून झाल्यावर कॅसेट क्षणभर खिडकीत ठेवली, तेवढ्यात लाउडस्पीकरवाल्याने ती सनईची समजून लावली. दोन मिनिटं सगळ्या गावावर ट्रर्र-चीं-ट्रर्र असा मंगल ध्वनी झाला. सासरे म्हणाले, "जळगावकडे आता असंच असतं म्हणे."

खरी अडचण उन्हाची होती. यावलचा मे महिना, पत्रे तापलेले, आणि यंत्र गरम होऊन आकडे चुकवायला लागलं तर सगळंच बोंबललं. घरात कूलर एकच होता आणि तो नवरीच्या खोलीत. सर तिथे गेले. मी अर्थातच तिथे नव्हतो. हे मला पुढे आयुष्यभर ऐकवण्यात आलं आहे. शालू नेसून, हळदीने पिवळी झालेली मुलगी कूलरसमोर बसलेली. सर तिला म्हणाले, "पोरी, तुला घाम आला तर पुसता येतो. त्याला येत नाही." आणि प्लग काढला. माझ्या होणाऱ्या बायकोने माझ्या बाजूचा पहिला माणूस पाहिला तो हा.

दुपारभर मधल्या खोलीत गाव बसलेलं. पडद्यावर तीन ठिपके. पहिला अर्धा तास लोक सिनेमा सुरू व्हायची वाट पाहत होते. माझ्या सासूची थोरली बहीण, सगळे तिला अक्का म्हणत, सर्वांत पुढे.

"काहून हो सर," अक्का म्हणाली, "याच्यात कोणी बोलत नाही का?"

"नाही अक्का. हे दोघं नवरा-बायको. आणि हा तिसरा."

"हा कोठून आला मधीच?"

"गर्दीतून."

"त्या दोघांचं काय वाईट चालू राह्यलं होतं?" अक्काने पदर सावरला. "हाकला त्याले."

"अक्का, तो मेलेला तारा आहे. आत जागा मिळाली तरच तो पुन्हा जिवंत होणार."

"मेला आहे तर मेल्यासारखं राहावं ना! दुसऱ्याच्या घरात कशाले शिरतो?"

खोलीतल्या बायकांनी माना डोलावल्या. सर एकटे पडले. अख्ख्या खोलीत मेलेल्याच्या बाजूचे फक्त ते आणि त्यांचा प्रबंध. पण तिसरा आत शिरला खरा. दुपार कलताना तिघांचा एकच गुंता झाला. कोण कोणाभोवती फिरतंय कळेना. ठिपका दूर गेला की बायका "गेला, गेला" म्हणायच्या आणि तो वळून परत यायचा. पंगतीला चला म्हणून तीनदा निरोप आला, कोणी उठेना. वरण-बट्टी थंड झाली.

आणि ऊन उतरायला लागलं तसा मांडववाला दारात आला. "सर, वायर काढा. जनरेटर वरातीला जाईल."

सरांना आधी कळलंच नाही. आमच्याकडे नवरदेव मारुतीच्या पाया पडून वाजतगाजत मांडवात येतो आणि त्या वरातीच्या ट्यूबलाइटींसाठी जनरेटर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून मागून चालवतात. हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत. सरांनी अशा शंभर वराती पाहिल्या होत्या. पण तारकागुच्छांत इतकी वर्षं राहिल्यावर जनरेटर एका जागी राहतो असं त्यांनी गृहीत धरलं होतं. आणि मी? मला विचारलं होतं, "मांडवात जनरेटर असेल ना?" होता. मांडवातच होता.

"मांडवात दुसरा?" सरांनी विचारलं.

"मांडवात लगन लागायच्या वेळी हाच येईल परत. वीज तर सकाळपासूनच गेलेली."

सासरे माझ्याकडे बघू लागले. मी घोडीकडे बघू लागलो. जून संपायला फार दिवस नव्हते आणि ही भेट जर आता पुसली गेली, तर पुन्हा जनरेटर, पुन्हा लग्न, पुन्हा पहिल्या आकड्यापासून. सरांनी मिनिटभर पडद्याकडे पाहिलं. मग पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले.

"जनरेटर चालू ठेवूनच ट्रॉलीत चढवता ना?"

"हो, डिझेल भरलेलं आहे."

"मग हेही चालू ठेवूनच चढेल. केळीची पानं आणा. वाळलेली खाली, ओली वर. बठ्ठी, सगळी आणा!"

केळीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट हाताने येते: घड ट्रकमध्ये असा रचायचा की दिल्लीपर्यंत धक्के खाऊनही सालीवर काळा डाग पडू नये. सरांनी ट्रॉलीत वाळलेल्या पानांचा हातभर थर घातला, तो पायाने तुडवला, पुन्हा घातला. मग यंत्र, टीव्ही आणि वायर असं सगळं एका बाजेवर ठेवून चार जणांनी उचललं. वायर सैल ठेवत, पाय मोजत, दारातून बाहेर. अक्का सोबत चालत होती. "हळू रे भाऊ! बाळंतिणीले नेता तसं न्या!" चारी बाजूंनी ओली पानं खोचली, मध्ये मऊ खळगा, त्यात टीव्ही. शेजारी जनरेटर धडधडतोय आणि दोघांच्या मध्ये सर मांडी घालून, पडद्यावर स्वतःचा टॉवेल धरून, उन्हाची तिरीप अडवत.

तर अशी माझी वरात निघाली. पुढे बँड, मग घोडीवर मी, माझ्यामागे ट्रॉली आणि ट्रॉलीमागे सगळं गाव. इतर वरातींत लोक नवरदेवाच्या पुढे नाचतात. माझ्यात ते मागे गोळा झाले होते. मला दिसत काही नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

"आता कोण आत?"

"लहाना बाहेर चालला!"

"आला, आला, परत आला!"

तुम्ही सांगा, मान कशी वळणार नाही? फोटोग्राफर ओरडत होता, "नवरदेव, इकडे!" ट्यूबलाइटी एकदम पेटल्या तेव्हा जनरेटरने गचका खाल्ला आणि टीव्हीवरचं चित्र आक्रसून तळहाताएवढं झालं. मी लगाम सोडून पुरता मागे वळलो. चित्र पुन्हा फुगलं. तीन ठिपके होते.

मारुतीच्या पाया पडून परत मांडवाकडे वळलो आणि मागचा आवाज एकदम बंद झाला. नाचणारे थांबले. बँडवाल्यांनाही काहीतरी जाणवलं असावं. एकेक वाद्य गप्प होत गेलं. सर ट्रॉलीत गुडघ्यांवर उभे होते. एक ठिपका बाकीच्या दोघांच्या अगदी जवळून गेला, वळला नाही, सरळ पडद्याच्या कडेकडे निघाला. गेला. उरलेले दोघं एकमेकांभोवती फिरत राहिले, शांतपणे, जसे सकाळी होते.

"कोण गेला?" मी घोडीवरून ओरडलो.

सरांनी वर पाहिलं नाही. "मेलेला," ते म्हणाले.

आणि गावाने असा जल्लोष केला की माझी घोडी दोन पावलं आडवी झाली. अक्काने ट्रॉलीवर हात आपटला. "राह्यले! दोघंजण राह्यले!" कुणीतरी बँडला खूण केली. लोक गुलाल उधळायला लागले, ज्यांचं लग्न होतं त्यांच्यावर नव्हे, टीव्हीवर. त्या सगळ्या आनंदात एकच माणूस हरला होता आणि तो केळीच्या पानांत बसून चष्मा पुसत होता.

मी घोडीवरून वाकून म्हणालो, "सर, फार वाईट झालं."

"का? उत्तर आलं ना," ते म्हणाले. चष्मा लावला, डोळ्यांत गुलाल गेलेला. मग मांडववाल्याला हाक मारली, "भाऊ, तुमनं पुढलं लगन कोठे शे?"

पुढचं पाचोऱ्याला होतं. सर गेले. त्याच्या पुढचं दोंडाईच्याला. तिथेही गेले. त्या मोसमात मांडववाल्याचा जनरेटर जिथे गेला तिथे सर गेले, डिझेलचे दोन कॅन घेऊन. शेवटी शेवटी ते मुलाकडचे की मुलीकडचे, यावर लोकांत वाद होत आणि दोन्हीकडून त्यांना टोपी-टॉवेल मिळे. आषाढ लागायच्या आत त्यांच्या उरलेल्या सगळ्या भेटी झाल्या. काही वेळा मेलेला आत राहिला, काही वेळा नाही. जूनअखेर प्रबंध विद्यापीठात पोचला.

पण आमच्या लग्नाची भेट त्यात नव्हती. मी विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "ट्रॉलीत हेलकावे बसले. मधे पडदा आक्रसला. एखादा आकडा हलला असेल तर?"

"म्हणजे उत्तर चुकलंय?"

"ठाऊक नाही. ठाऊक नाही ते कसं घालणार?"

"पण ते तसंही तुमच्या विरुद्धच होतं."

"बाजूचं असतं तरी घातलं नसतं," ते म्हणाले आणि खडू घेऊन वर्गावर गेले. त्या मोसमात त्यांनी बाकीच्या वराती कशा जमवल्या, हेलकावे न बसता, ते मला माहीत आहे: ते मांडववाल्याला वरातीसाठी दुसरा जनरेटर आणायच्या खेपेचं डिझेल देत, फक्त यंत्र जागचं हलू नये म्हणून. आमच्यानंतर एकदाही ट्रॉलीत चढले नाहीत. सर डॉक्टर झाले. आम्ही त्यांना डॉक्टर म्हणायला लागलो, तर ते मागे वळून कोण आलंय ते बघत.

मग माझी बदली धुळ्याला झाली. मुलं झाली. सौ.चा कूलरचा राग दर मे महिन्यात नव्याने उगवत राहिला. सर निवृत्त झाल्याचं कळलं, भेट नव्हती.

अशाच एका मे महिन्यात, दुपारी, दार वाजलं. सर. जळगावहून एसटीने, भर उन्हात. अंगातला शर्ट भिजून डाग अख्ख्या खिशावर पसरलेला. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "भूगोल, तुझ्या लग्नाचं उत्तर बरोबर होतं."

त्यांच्या पुतण्याने नवा कॉम्प्युटर घेतला होता. जे गणित दिवसभर चालायचं ते त्यावर चहा होईपर्यंत होई. पण तेवढ्याने सरांचं भागणार कसं? जुनं यंत्र दशांशानंतर प्रत्येक आकडा जिथे तोडायचं, तिथेच तोडायला त्यांनी नव्याला शिकवलं, नाहीतर तुलना कशाची करायची? त्यात वर्ष गेलं. आणि काल रात्री जेवणाआधी शेवटचा आकडा माझ्या लग्नादिवशी वहीत उतरवलेल्या आकड्याशी जुळला.

"ट्रॉलीत एकही आकडा हलला नव्हता," ते म्हणाले. "केळीची पानं पक्की बसली होती."

सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "एवढंच सांगायला आलात? ह्या उन्हात?"

"एवढंच नाही पोरी. इतकी वर्षं मला ठाऊक नव्हतं."

तिने पदराला हात पुसले. मग विचारलं, "म्हणजे ते दोघं खरंच राहिले?"

"राहिले," सर म्हणाले. "नक्की."

आमच्या घरातही कूलर एकच आहे आणि त्याचं तोंड कोणाकडे असावं, यावर लग्नापासून फक्त तिची सत्ता चालते. तिने तो दोन्ही हातांनी धरला, फरशीवर करकरवत ओढला आणि त्याचं तोंड सरांकडे वळवलं.